हळदीच्या तीन बाटल्या

"आणि एकदा." मामा एवढंच म्हणायचे आणि माझ्या हातातला फ्लास्क काढून घ्यायचे.

ते आमच्या रसायनशास्त्र विभागात परिचर होते. म्हणजे कागदोपत्री त्यांचं काम झाडलोट, काचसामान धुणं आणि पाहुण्यांना चहा देणं. असे मामा तुम्हीही पाहिले असतील. ते रजेवर गेले की संस्था कुणाच्या जिवावर चालते ते कळतं, आणि ते परत आले की आपण पुन्हा विसरतो.

मी तिथे पीएचडी करत होते. पॉलिमरची लांब साखळी बनवायची. तिचा एक भाग पाण्यात रमणारा, दुसरा पाण्याला भिणारा. अशा साखळ्या पाण्यात सोडल्या की त्या आपोआप घोळका करतात. भित्रे भाग आत, धीट भाग बाहेर. त्या घोळक्याच्या पोटात पाण्यात न विरघळणारं औषध लपवता येतं. माझ्या मार्गदर्शक सरांना हे सांगायला अर्धा तास आणि बरेच इंग्रजी शब्द लागत. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे न पटणाऱ्या दोन घरांची सोयरीक की वो ताई."

वाढताना आत हवा राहिली तर साखळी मध्येच मरते. म्हणून मिश्रण द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचं, पंपाने हवा ओढायची, मग वितळू द्यायचं. पुस्तकात हे तीनदा करा म्हणून लिहिलेलं असतं. मामा चौथ्यांदा करायला लावायचे. "हवा लई चिवट असतीय. गेले म्हणून सांगतीय, आणि दाराआड उभी ऱ्हातीय."

तो नायट्रोजन ते वारणानगरच्या बाजूच्या एका डेअरीतून आणत. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तिथे तो ठेवलेला असतो. स्कूटरवर पायांच्या मध्ये तो जाडजूड कॅन, दोन्ही गुडघे बाहेर फाकलेले. रस्त्यात हमखास कुणीतरी हात करायचं. "पावणं, म्हस माजावर आलीया, येताय न्हवं?"

"माज्याकडं निस्ता गारठा हाय," मामा ओरडायचे. "म्हशीला सोसायचा न्हाय!"

त्या वर्षी माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. मुदतवाढ द्यायची की नाही हे ठरवायला दसऱ्यानंतर आठवड्याभरात समिती येणार होती. त्यांना दाखवायचं होतं की माझ्या साखळीचे दोन भाग खरोखर जोडले गेलेत. आमच्या यंत्रावरच्या आलेखात दोन्ही भाग दिसत होते, पण जोडलेले की नुसते मिसळलेले, हे त्यावरून कळत नव्हतं. मामांच्या भाषेत, लग्न झालंय की दोघं नुसती एका मांडवात उभी आहेत? खात्रीच्या चाचणीसाठी थोडी भुकटी बाहेरगावी पाठवली होती आणि ती तिथे रांगेत होती. उरलेली सगळी मी पाण्यात विरघळवून एका बाटलीत ठेवली होती.

खंडेनवमीला मामा आमची हत्यारं पुजायचे. तराजू, पंप, नायट्रोजनचा कॅन, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. दुपारी मी आले तेव्हा ते माझ्या टेबलापाशी खाली मान घालून उभे होते.

"ताई, बाटलीला हळद लावाय गेलो. झाकण नव्हतं."

झाकण मीच लावलं नव्हतं. तरी मी त्यांना नको ते बोलले. सहा आठवड्यांचं काम, समिती, शिष्यवृत्ती, सगळं त्यांच्या डोक्यावर ओतलं.  त्या दिवशी मामा "आणि एकदा" सुद्धा म्हणाले नाहीत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर दोन बाटल्या होत्या. माझी, आणि साध्या पाण्याची. दोन्हींत हळद.

"घरच्या रानातली हळद हाय," मामा दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "तुमच्या बाटलीत रंग लई उतारला, म्हणून वाटलं भेसळ झाली का काय. साध्या पाण्यात टाकून बघितली. बसली तळाला. हळद चोख हाय. काय हाय ते तुमच्याच पाण्यात हाय."

माझ्या बाटलीच्या तळाशीही थोडा गाळ होता, पण वरचं पाणी स्वच्छ, पिवळंजर्द झालं होतं. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही. माझ्या घोळक्यांनी तो पोटात घेतला होता.

 मी लगेच तिसरी बाटली केली. साखळीचे दोन्ही भाग सुटे बनवलेलेही होते, ते नुसते एकत्र करून पाण्यात टाकले आणि वर चिमूटभर हळद. तिथे ती तळाला बसली, म्हणजे नुसतं मिसळून हे होत नव्हतं.

हा काही शोध नव्हता. हळदीचं हे काम जगात अनेकांनी करून छापलंय, आणि हा पक्का पुरावाही नव्हता. पण समितीपुढे ठेवायला तीन बाटल्या होत्या.

समितीतल्या एका ज्येष्ठांनी बाटल्या उजेडात धरल्या. "साध्या पाण्याशी तुलना करायचं कुणाला सुचलं?"

"आमच्या गटात ती शिस्तच आहे," सर म्हणाले.

मामा त्या वेळी त्याच गृहस्थांपुढे चहाचा कप ठेवत होते. मी गप्प राहिले. मुदतवाढ मिळाली.

पुढे बाहेरगावचा अहवाल आला. बहुतेक साखळ्या जोडलेल्या. थोड्या तशाच राहिलेल्या. मामांना सांगितलं तर म्हणाले, "बघा. त्या दिवशी तीनदाच केलं असणार तुमी." केलं होतं.

गेल्या वर्षी मामा निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, आणि सरांचं स्वतःविषयीचं प्रदीर्घ भाषण. मग मी उठले आणि ते समितीपुढे न बोललेलं बोलले. मामांनी तीन बाटल्या करून माझं काम कसं वाचवलं, ते सांगत होते, तोच समोरून आवाज आला.

"दोन."

सभागृह हसलं. मामा हसले नाहीत.

"मी दोनच केल्या, ताई. एक तर चुकून. तिसरी तुमची. नीट सांगा."

मी नीट सांगितलं. पहिल्यापासून, आणि एकदा. झाकण कुणी उघडं ठेवलं होतं, तेही. सर छताकडे पाहत होते.

कार्यक्रम संपल्यावर मी खिडकीतून पाहिलं. मामांनी शाल घडी करून डिकीत ठेवली, नारळ हँडलच्या पिशवीत टाकला आणि स्कूटर चालू केली. पुढे कॅन नव्हता. गुडघे मात्र फाकलेलेच होते, मध्ये कॅनपुरती जागा सोडून. फाटकाबाहेर वळेपर्यंत ते तसेच दिसले.