सात पॅराशूट

रविवार, २८ जानेवारी १९९६. श्रूजबरी. सकाळी सात वाजता अकरा अंश फॅरनहाइट. आकाश स्वच्छ, वारा बोचरा. दूध, ब्रेड, कोथिंबीर आणली. प्लेनोहून मुलाचा फोन, सव्वानऊला. टीव्हीवर चॅलेंजरची दहा वर्षांपूर्वीची चित्रं दाखवली. दोन वाजता एकनाथराव न्यायला येणार. सुनेत्राने सांगितल्याप्रमाणे १९८६ची वही पिशवीत घातली.

एवढं मी दुपारी निघण्याआधी लिहिलं होतं.

वही नेण्याचं कारण आदल्या दिवशी घडलं. इथल्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये होता. तिळगूळ वाटून झाल्यावर कुणीतरी चॅलेंजरचा विषय काढला, आणि ते यान फुटलं तेव्हा आपण कुठे होतो हे जो तो सांगू लागला. रामभाऊंचा आवाज सगळ्यांत मोठा.

"मी तर लाइव्ह पाहिलं! ऑफिसच्या कॅफेटेरियात. हातातली कॉफी अशी सांडली शर्टावर."

"रामभाऊ, तुम्ही त्या दिवशी साताऱ्यात होतात," मी म्हटलं. "पुतणीच्या लग्नाला. तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. हीटिंग चालू आहे ना बघायला मी रोज जात होते."

"काहीतरीच काय काकू! मला ती कॉफी अजून दिसते."

"मग साताऱ्यात सांडली असेल."

सगळे हसले. "नीलाकाकूंच्या वहीशी वाद घालू नका यार, ती कोर्टात चालेल," असं कुणीतरी म्हणालं. सुनेत्राचे यजमान एकनाथराव मात्र हसले नाहीत. सुनेत्राला तिळाच्या वड्यांचा नुसता वास तरी घ्यायचा होता, म्हणून ते तासाभरासाठी आले होते. घरी जाऊन त्यांनी तिला हे सगळं सांगितलं असणार, कारण सहाच्या सुमाराला तिचा फोन आला.

"नीलाताई, शहाऐंशीची वही आहे ना? उद्या घेऊन या. अठ्ठावीस तारखेचं पान मला वाचून दाखवा."

तिचा आवाज फार बारीक झाला होता. डॉक्टरांनी आशा सोडून तीन आठवडे झाले होते.

सुनेत्रा नागपूरची, इंदोऱ्याची. वडील गिरणीत. छप्पन साली अठरा वर्षांची असताना ती वडिलांबरोबर दीक्षेच्या मैदानावर उभी होती. पांढरी साडी शेजारणीकडून मागून आणलेली होती, आणि ती मळू नये म्हणून ती दिवसभर खाली बसली नाही. पुढे बी.एस्सी., बी.एड. करून तिने अकरा वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. गृहपाठ न केलेल्या मुली कोरी वही उघडून, जणू लिहिलेलंच आहे अशा थाटात वाचायच्या, हे ती मला हसत सांगायची. ती त्यांना कधी रागावत नसे. पूर्ण ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "परत वाच." दुसऱ्यांदा वेगळंच निघायचं. मुलगी आपणच खाली बसायची.

चौऱ्याहत्तर साली एकनाथरावांना अमेरिकेत, वुस्टरला नोकरी लागली. इथे तिच्या पदव्यांना कुणी विचारलं नाही. एका प्राथमिक शाळेत ती मदतनीस म्हणून लागली. मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधायच्या, नाकं पुसायची, बाईंना कागद वाटून द्यायचे. संध्याकाळी कॉलेजात जाऊन ती शिक्षिकेच्या परवान्यासाठी अभ्यास करी. शहाऐंशीच्या जानेवारीत तिचे दोनच विषय राहिले होते.

त्या मंगळवारी दुसरीच्या वर्गात चाकांच्या गाडीवरून टीव्ही आणला होता. यानातल्या सात जणांत एक शिक्षिका होती, आणि ती आमच्याच भागात लहानाची मोठी झालेली. मुलांनी उलटे आकडे मोजले, यान वर गेलं, टाळ्या वाजल्या. मग तो पांढरा धूर दोन बाजूंना फाटला. वर्गाच्या बाई तोंडावर हात धरून बाहेर गेल्या. तेवीस मुलं आणि सुनेत्रा राहिली. पडद्यावर काहीतरी पांढरं हळूहळू समुद्राकडे उतरताना दिसत होतं. पहिल्या रांगेतल्या एमी नावाच्या मुलीने विचारलं, "मिसेस के, त्यांच्याकडे पॅराशूट आहेत ना?"

"हो, आहेत," सुनेत्रा म्हणाली. "त्यांना आणायला बोटी गेल्या आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी एमीने तिच्या हातात एक चित्र दिलं. निळा समुद्र, दोन बोटी आणि वर सात पॅराशूट, सात रंगांची. "काल काढलं," ती म्हणाली. "पण डॅडी म्हणतात, नव्हतीच."

शाळेकडून कुणी एका शब्दाने बोललं नाही. एमीच्या घरून तक्रार आली नाही. सुनेत्रानेच राहिलेले दोन विषय सोडून दिले आणि शाळेच्या जेवणघरात काम मागून घेतलं. मी वाद घातला, एकनाथरावांनी घातला. तिचं एकच म्हणणं, "ज्या तोंडाने मुलांना खोटं सांगितलं, त्याने शिकवायचं नाही." पुढे नऊ वर्षं ती केसांना जाळी लावून, मुलांच्या ताटात उकडलेले बटाटे वाढत राहिली.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. त्यांच्याकडे रोज संध्याकाळी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणतात. मी कॉन्व्हेंटात वाढलेली, प्रार्थना मोजायची सवय हाडात भिनलेली. एका संध्याकाळी मी पाच मोजायला बसले आणि सुनेत्राच्या आवाजात चारच आले. 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे चौथं शील आलं की ती गप्प होई. ती गप्प झाली की एकनाथरावही गप्प होत. मग दोघं पाचवं म्हणत.

शनिवारी फोन ठेवल्यावर मी लगेच शहाऐंशीची वही काढली. पान मिळालं.

'मंगळवार, २८ जानेवारी. सकाळी चार अंश. दुपारी साडेतीनला स्वयंपाकघरातला पाइप गोठून फुटला. ह्यांनी मेन बंद केला. चॅलेंजर यान उड्डाणानंतर फुटलं, सातही गेले. सुनेत्रा पाचला आली, पावणेसातला गेली. चहा घेतला नाही. प्लंबर सातला.'

पुढे काही नव्हतं. पान उलटून पाहिलं, एकोणतीस तारखेलाही काही नव्हतं.

वही लिहायला मला सिस्टर बर्नडेटने शिकवलं, पुण्यात, मी बारा वर्षांची असताना. तिचे दोन नियम होते. जे घडलं ते लिहायचं, आणि कुणी विश्वासाने सांगितलेलं लिहायचं नाही, कारण वही कुणाच्याही हाती पडते. अठ्ठावन्न वर्षं मी ते पाळत आले. त्या संध्याकाळी सुनेत्रा पावणेदोन तास बोलली आणि मी त्यातलं एक अक्षर उतरवलं नाही. मला काय आठवतं? अंगात कोट, तसाच, ती फ्रिजला टेकून उभी होती. मी गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होते, फडकं बादलीत पिळत होते. पाणी बर्फासारखं. ती काय म्हणाली ते आठवत नाही.

रविवारी दुपारी एकनाथरावांनी दार उघडून मला आत नेलं. बैठकीच्या खोलीत दवाखान्यातली कॉट लावली होती. शेजारी ऑक्सिजनचं यंत्र. मुलगी रीमा ईडन प्रेरीहून येऊन राहिली होती. आईच्या ओठांना ओला कापूस लावून ती उठली आणि मला खुर्ची दिली.

"आणली?" सुनेत्राने विचारलं.

"आणली."

"ऐका. माझ्या डोक्यात दोन चित्रं आहेत. एकात एमी विचारते, मी हो म्हणते, आणि मग बाई दारात येऊन मला मान हलवून सांगतात, गेले. दुसऱ्यात बाई आधी येतात. मला कळतं. आणि मग एमी विचारते." ती थांबून श्वास घेत होती. "दोन्ही इतकी स्वच्छ दिसतात. रामभाऊंच्या कॉफीसारखी."

"आई, डोन्ट टॉक सो मच," रीमा म्हणाली.

"बोलू दे गं. नीलाताई, एमीने आधी विचारलं असेल तर ती चूक होती. माणूस चुकतो. बाई आधी आल्या असतील तर ते खोटं. त्या संध्याकाळी मी तुम्हाला सगळं क्रमाने सांगितलं होतं, तेव्हा ताजं होतं. तुम्ही लिहिलं असणारच. चूक असेल तर आज मी पाचही म्हणेन."

येताना गाडीत मी ठरवलं होतं की खरं ते सांगायचं. पण तिच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ कोपरापर्यंत सरकेल असं ते मनगट झालं होतं. मी चष्मा लावला, वही उघडली आणि तारीख, तापमान, पाइप वाचलं. मग आवाज न बदलता पुढे गेले.

"सुनेत्रा पाचला आली. म्हणाली, एमीने विचारलं तेव्हा बाई अजून बाहेरच होत्या. तिला काहीच माहीत नव्हतं."

रीमाने मोठा श्वास सोडला. "सी, आई? यू डिड नथिंग राँग." एकनाथराव खिडकीकडे वळले आणि त्यांनी डोळे पुसले.

सुनेत्राचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोप लागली.

"परत वाचा," ती म्हणाली.

पानावर प्लंबर होता, चहा होता. मी सुरुवात केली. "सुनेत्रा पाचला आली. म्हणाली, बाई परत आल्या तेव्हा एमीचं विचारून झालं होतं. मुलं रडत होती..."

"मघाशी मुलं नव्हती," सुनेत्रा म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. तिसऱ्या बाकावरच्या मुलीशी बोलावं तशी ती बोलली. मी वही मांडीवर ठेवली.

"लिहिलेलं नाही ना?"

"नाही."

"आणि पाइप?"

"पाइप लिहिलाय."

"मग जेवढं लिहिलंय तेवढंच वाचा."

मी वाचलं. चार अंश, मेन, यान, सातही गेले, पाच ते पावणेसात, प्लंबर. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. "चहा घेतला नाही, हे मला आठवत नव्हतं," ती म्हणाली.

"सुनेत्रा, मला खरंच काही आठवत नाही. मी फरशी पुसत होते."

"हो. मला वाटलं होतं, तुम्ही ऐकताय."

रीमा माझ्याकडे बघत होती, आणि ते बघणं मला अजून टोचतं. तिच्या आईला अर्धा मिनिट जे मिळालं होतं ते मी दिलं होतं, आणि माझ्याच धांदरटपणाने काढूनही घेतलं होतं. मी जायला उठले. सुनेत्राने कॉटच्या कडेवर बोट टेकवलं, बसा म्हणून.

पाच वाजता एकनाथरावांनी मेणबत्ती लावली. सुनेत्राने हात जोडायचा प्रयत्न केला. रीमाने तिचे दोन्ही तळवे एकत्र धरून ठेवले. पाणातिपाता. अदिन्नादाना. कामेसु मिच्छाचारा. मग ते थांबले. तिघंही. ऑक्सिजनच्या यंत्राचा घरघर आवाज तेवढा चालू होता. मी बौद्ध नाही, पण मीही मान खाली घालून गप्प बसले. मग सुनेत्राने पाचवं सुरू केलं आणि बाकीचे तिच्यामागून म्हणाले.

ती नऊ फेब्रुवारीला गेली, शुक्रवारी, दुपारी. शेवटपर्यंत चौथं तिने म्हटलं नाही, असं एकनाथरावांनी मला सांगितलं. बी.एड.च्या प्रमाणपत्राच्या पाकिटात त्यांना एमीचं चित्र सापडलं. ते त्यांनी मला आणून दिलं. "तुम्ही सगळं जपून ठेवता," ते म्हणाले. त्यात टोमणा होता की नव्हता ते मला कळलं नाही. रंग उडालेत, पण सात मोजता येतात. शहाऐंशीच्या वहीत, पाइपच्या पानाशी, मी ते ठेवलं आहे.

त्या रविवारी एकनाथरावांनी मला घरी सोडलं तेव्हा साडेसहा झाले होते. कोट न काढताच मी टेबलाशी बसले आणि दुपारच्या नोंदीखाली सिस्टर बर्नडेटचा नियम मोडला. सुनेत्रा काय म्हणाली, मी काय म्हटलं, पहिल्यांदा काय वाचलं आणि दुसऱ्यांदा काय, सगळं क्रमाने लिहिलं. अडीच पानं झाली. शेवटी लिहिलं: रात्री दोन अंशांपर्यंत उतरेल म्हणतात. पाइप गोठू नये म्हणून स्वयंपाकघरातला नळ बारीक धार सोडून ठेवला.