आलेला दम

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. ते सांगलीत विश्रामबागला राहायचे, शाळेत ड्रिल शिकवून निवृत्त झालेले. मी रहिमतपूरचा, जन्मभर बैलबाजारात दलाली केली. बापाची काडीही न घेता उभा राहिलो आणि बाजारात कुणाकडून फसलो नाही. साठीनंतर यांच्याकडून फसलो.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं लिफ्ट कुठली असायला! मुलीला त्या घरी दिल्यावर पहिल्यांदा गेलो, तेव्हा प्रत्येक मजल्यावर टेकलो. व्याही वरून हसले, "जन्मभर बैल चालवून बघितले, स्वतः कधी चाललात का? रोज पहाटे चाला. दम परत येतो."

"आन् आलेला दम ऱ्हातोय का?"

"राहतो की!"

वर पोचलो तसा मी खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या हातावर टाकला आणि खालून बोटं धरली. आमच्या बाजारात अशी बोटं दाबली की सौदा पक्का, मग कुणी मागं फिरत नाही. त्यांनी हसत दाबली. मी ते खरं धरलं.

पावसाळाभर, हिवाळाभर स्टेशनच्या रस्त्यानं चाललो. आधी पोटऱ्या भरून यायच्या, मग मोकळ्या झाल्या. रात्री झोप लागू लागली. होळीला तिन्ही मजले न थांबता चढलो. मुलगी दारात माझ्याकडं बघतच राहिली.

उन्हाळ्यात काविळीनं अंथरूण धरलं. उठलो तेव्हा मांड्या सुकलेल्या, अंगणात धाप लागायची. त्यातच मुलीला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी तिला जिना उतरायला बंदी केली. माहेरी आणता येईना, म्हणून मीच निघालो. पहिल्या मजल्यावर डोळ्यांपुढं अंधारी आली. व्याही खाली उतरून आले.

"पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. आपल्या वयात चालणं बंद पडलं की कमावलेलं लवकर जातं."

"आवं, हे तवाच ठावं हुतं तुमास्नी?"

"होतं. सांगितलं असतं तर तुम्ही पायात चपला तरी घातल्या असत्या का?"

पुन्हा चालू लागलो. या खेपेला अंगात काही भरेना, टेकत टेकतसुद्धा पहिल्या मजल्यापुढं चढवेना. दर आठवड्याला सांगली गाठायची, खालच्या पायरीवर बसायचं, वरून तिची हाक ऐकायची आणि परत फिरायचं. तिला आई नव्हती. मूल गेल्याचं मला जिन्यातच कळलं. वर ती रडत होती, खाली मी कठडा धरून उभा होतो.

त्या दिवशी बाप तिच्या उशाशी का नव्हता, याचं उत्तर व्याह्यांनी द्यावं. मला नको. तिच्यासमोर बसून तिला द्यावं.