तारेपलीकडचा देव

रानशेतला आमच्या वारली पाड्याची भातशेती सरकारने रोपवाटिकेसाठी घेतली, तेव्हा मी शाळेत होतो. कुणाला विचारलं नाही की काही नाही, सरळ काटेरी तार ठोकली. शेतदेवाचा दगड आतच राहिला. नव्या तांदळाचा भात देवाला दाखवल्याशिवाय आम्ही तोंडात घालत नाही. म्हणून बाबा दर वर्षी पानावर भात घेऊन जायचे आणि तारेखालून हात घालून जमेल तितका आत सरकवायचे. हाताला ओरखडे पडायचे. रोपवाटिका काही झाली नाही.

यंदा जमीन परत मिळाली. डहाणूच्या कचेरीत साहेब म्हणाले, "सरकारने तुम्हाला जमीन दिली." मी भडकलो. "दिली नाही साहेब, आमचीच परत केलीत!" बाबांनी माझा दंड धरला.

पहिली कापणी झाली. तार केव्हाच निघाली होती, खांबही उपटले होते. देव वीस पावलांवर होता. बाबा पान घेऊन निघाले आणि जुन्या तारेच्या जागी थांबले. तिथेच खाली बसून त्यांनी पान हळूच पुढे सरकवलं.

"बाबा, तार नाही आता."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि हात जमिनीला घासतच मागे घेतला.