लाल शीत

मनकर्णेचा नवरा गावातली मेलेली ढोरं ओढायचा. नवरा गेला, पण ते काम तिच्या अंगाला चिकटून राहिलं. विहिरीवर तिच्या घागरीत दुसरी कोणीतरी वरून पाणी ओतायची, तेही उपकार केल्यासारखं. मग अहेरीच्या वाटेवरच्या त्यांच्या खेड्यात देवाजी मास्तर ख्रिस्ताचं सांगायला आले. त्याच्या घरी शेवटचा कोणी नाही, सगळे एका पंगतीला, असं ते म्हणत. मनकर्णेला बाकीचं फारसं कळलं नाही, पंगतीचं मात्र पक्कं कळलं. त्रेपन्न साली बाप्तिस्मा घेताना तिनं नदीत डोकं बुडवलं. नऊ शेतकरी घरांनीही बुडवलं. पाणी एकच होतं, हे तिनं नीट पाहून ठेवलं.

प्रार्थनाघराची एक रीत होती. रोज रांधताना प्रत्येक बाईनं मूठभर तांदूळ बाजूला काढायचा आणि रविवारी नेऊन द्यायचा. वर्षभर प्रार्थनाघराच्या कणगीत साठलेल्या त्या तांदळाचा नाताळात एकच हंडा चढे, सगळे जेवत. मनकर्णेच्या उतारावरच्या तुकड्यात लाल तांदूळ पिके, बाकीच्यांचा पांढरा. मोहफुलं उकडून भागवायच्या दिवशीही तिची मूठ निघे. मास्तरांची बायको आशाबाई ती हसून घेई आणि आतल्या खोलीत नेई.

नाताळाला मनकर्णा पंगतीत मधोमध बसली. जन्मात पहिल्यांदा तिच्या दोन्ही अंगाला माणसं होती. पत्रावळीवर भात पडला आणि ती आपली मूठ शोधू लागली. एक शीत लाल दिसेना. बोटानं ढीग उकरला, शेजारणीच्या पत्रावळीत डोकावली. सगळा पांढराफटक.

पाणी घ्यायला म्हणून ती मागच्या अंगणात गेली. तिथं मास्तरांच्या कोंबड्या लाल दाणे टिपत होत्या. शेजारी लाल तांदळानं अर्धं भरलेलं मडकं. कोंबड्या चांगल्या गुबगुबीत होत्या. त्यांनी वर्षभर काही विटाळ मानला नव्हता.

ती आशाबाईसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, माहा तांदूळ कोंबड्याईले काऊन?"

"तुले पंगतीत बसवलं ना? आणखी काय पायजे?"

"मी तुमचं खाल्लं," मनकर्णा म्हणाली. "तुमी माह्यं कधी खासान?"

मास्तर समोरच जेवत होते. ते भातात वरण कालवत राहिले.

आता ही येणार नाही, असं सगळ्यांना वाटलं. ती आली. दर रविवारी सर्वांदेखत मोठ्या कणगीचं झाकण काढून तिनं आपला तांदूळ ओतला आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळला.

पुढच्या नाताळाला हंडा उतरला तेव्हा जागोजाग लाल शितं होती. कोणाकडे अचानक पाहुणे आले, कोणाचं पोट दुखलं, दोन घरांना कधी न केलेला उपास आठवला. आशाबाईनं वाढलं, स्वतः बसली नाही. मास्तर तेवढे बसले. एकेक लाल शीत त्यांनी बोटानं पत्रावळीच्या कडेला सारलं आणि पांढरा भात जेवले.

मनकर्णा ते पाहत शेवटच्या घासापर्यंत जेवली. मग उठली, मास्तरांच्या पत्रावळीच्या कडेची लाल शितं मुठीत गोळा केली आणि त्यांच्यासमोर उभ्यानं खाल्ली.

"मास्तर, तुमी बुडवलं तवा पाणी एकच होतं."

रविवारी ती मूठ घेऊन आली, तर कणगीला कुलूप होतं. तिनं तांदूळ कुलपाखाली जमिनीवर ओतला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.