झेलेसीचे अंडे

धैर्याला नेहमी रणांगणच लागते असे नाही. झांबियातील आमच्या गावात ते झेलेसीच्या ताटात प्रकटले. गर्भिणीने अंडे खाल्ले तर मूल टकले निपजते, हा पूर्वजांचा दंडक. गावातील कृश अर्भके पाहून व्यथित झालेली झेलेसी स्वतः गरोदर राहिली, तेव्हा रोज हातपंपापाशी सर्वांसमक्ष अंडे खाऊ लागली.

मूल जन्मले ते धष्टपुष्ट, पण पूर्ण टकले.

"सांगत नव्हतो आम्ही?" बायका म्हणाल्या.

झेलेसीची सासू नाबांडा शांतपणे म्हणाली, "अगं बायांनो, याचा बापही असाच जन्मला होता. मी तर अंड्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मग ते पाप कुठल्या कोंबडीचं?"

पंपावर हशा पिकला.

आज झेलेसी नाही. गावात अंडे मात्र आधी गर्भिणीच्या ताटात जाते.