थॅक्सटरांची झोपडी आणि ल्युएलाची काठी

अमेरिकेतल्या आमच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर थॅक्सटर घराण्याने सव्वीस खोल्यांचे घर बांधले आणि त्याला नाव दिले 'झोपडी'. आजोबा सिनेटर, बाप सिनेटर, नातू चेट गव्हर्नर. जुलैत यायचे, सप्टेंबरात पळायचे आणि दर निवडणुकीत छातीवर हात ठेवून सांगायचे, "आम्ही याच मातीतले!" माती लागायची ती त्यांच्या चादरींना. त्या धुवायची ल्युएला ग्रिंडल.

ल्युएलाचा नवरा एल्डन होडी घेऊन शेवंडी धरायला गेला आणि त्या झोपडीसमोरच बुडाला. प्रेत मिळाले नाही, म्हणून थडगेही नाही. रोज ओहोटीला ती धक्क्यावरून चालत त्या वाळूवर जाऊन उभी राहायची. तिला तेवढेच उरले होते.

चेट गव्हर्नर झाला आणि पार पाण्यापर्यंत कुंपण आले. पहारेकऱ्याने तिला हटकले, "खाजगी जागा आहे, बाई."

आमच्याकडचा जुना कायदा मोठा गमतीचा. ओहोटीने उघडी पडलेली वाळू मालकाची. तिथे नुसते फिरलात तर घुसखोर, पण मासे मारायला आलात तर मालकाचा बापही अडवू शकत नाही. दुसऱ्या दिवशी ल्युएला एल्डनची मासेमारीची काठी खांद्यावर टाकून हजर.

"दोरीला गळच नाही की!" पहारेकरी म्हणाला.

"तो मासा आणि मी बघून घेऊ. तू दार उघड."

वर्षानुवर्षे ती अशीच गेली. मला तिचा अभिमान वाटे आणि चेटची किळस.

पुढे चेटचे वडील, म्हातारे सिनेटर, वारले. त्यांची राख तिथल्याच पाण्यात सोडली, आणि ती तळाला बसायच्या आत चेट आणि त्याची भावंडे वकील घेऊन घरावरून भांडू लागली. शेवटी झोपडी एका संगणकवाल्या कोट्यधीशाच्या घशात गेली. त्याने कुंपण आणखी उंच केले.

बापाच्या पहिल्या स्मृतिदिनी चेट ल्युएलाच्या पायरीवर उभा, टोपी हातात.

"ल्युएला, मला हाकललं गं. मला! बाबा आहेत तिथे."

"माझा एल्डनही आहे."

त्याने दाराशी टेकवलेल्या काठीकडे पाहिले. "तुझी काठी देतेस? एक दिवस?"

"ती एल्डनची आहे, बाळा. दुकानातून नवी आण. परवाना काढताना विचारतील, इथला की बाहेरचा. या खेपेला तरी खरं सांग."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला सगळ्या धक्क्याने पाहिले. ल्युएला पुढे चालली होती, माजी गव्हर्नर मागे, आणि त्याच्या नव्या काठीला दुकानातली किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती.