टिटवीची सवय

धुळ्यात देवपूरच्या बाजूने, पांझरेच्या काठाकाठाने, आमच्या ओळखीचे एक गृहस्थ दर रविवारी सकाळी आम्हा आठ-दहा जणांना पक्षी दाखवायला नेत. एरवी ते सरकारी कचेरीत कारकून होते आणि पक्ष्यांबद्दलही जावक नोंदवहीतल्यासारखंच बोलत. "खंड्या. एक. बसलेला." बोट कधी दाखवत नसत, नुसती हनुवटी वर करत. नसलेला पक्षी त्यांनी कधी दाखवला नाही आणि असलेला कधी लपवला नाही.

एका उन्हाळ्यात त्यांचे साहेब बायकोला घेऊन आले. टिटवीची अंडी हातात घेऊन साहेबांना फोटो काढायचा होता.

आम्ही कोरड्या पात्रातल्या गोट्यांत उतरलो, तशी टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. पुढे चाललेले ते एकदम थांबले आणि पाय फाकवून तिथेच उभे राहिले.

"ही एवढी का ओरडतेय?" साहेबांनी विचारलं.

"सवय आहे तिची, साहेब."

"आणि अंडी?"

"यंदा नाहीत, साहेब."

"मग आम्हाला आणलंत कशाला?" साहेब चिडून मागे फिरले. त्यांच्यामागून बाकीचेही गेले.

मी तेवढा रेंगाळलो. कारकुनांच्या दोन चपलांच्या मध्ये, गोट्यांच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची चार अंडी होती. ते एकेक पाय जपून उचलत बाजूला झाले आणि मला बघून थबकले.

"तुमले काही दिसनं का, भाऊ?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग बरं शे," ते म्हणाले आणि घाम पुसत साहेबांना गाठायला निघाले.